तळघरातला कढीपत्ता : सोडियमचा दिवा बसवण्याची पद्धत

कढीपत्ता महाराष्ट्रात परसदारी एकदा रुजला की त्याच्याकडे कोणी वेगळे लक्ष देत नाही. मोरीचे पाणी जिथे जाते तिथे तो उभा असतो, आणि मोहरी तडतडू लागली की कोणीतरी जाऊन दोन काड्या मोडून आणते. तेच झाड टोरांटोच्या परिसरात कुंडीत वाढवायचे म्हटले तर ऑक्टोबर ते मे असे जवळजवळ आठ महिने त्याला घरात ठेवावे लागते, आणि बहुतेकांची झाडे याच महिन्यांत जातात. ती थंडीने गेली असे आपण म्हणतो, पण घर तापवलेले असल्यामुळे थंडी तितकीशी नसते. कमी पडतो तो उजेड. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टोरांटोला दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंशांच्या वर चढत नाही, आणि त्यातला जो काही उजेड दुहेरी काचेच्या खिडकीतून आत येतो तो खिडकीपासून दोन हातांवर नावापुरताच उरतो. झाड आधी पाने पिवळी करते, मग गाळते, आणि फेब्रुवारीपर्यंत कुंडीत नुसती काठी दिसू लागते.

यावर मी वापरत असलेला उपाय म्हणजे तळघरात बसवलेला ४०० वॅटचा सोडियमचा दिवा. भारतातल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे जो पिवळा-केशरी उजेड आपण पाहिला त्याच जातीचा हा दिवा आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचा राणीचा हार २०१५ मध्ये पांढऱ्या एलईडीचा झाला तेव्हा अनेकांना ज्या पिवळ्या प्रकाशाची चुटपुट लागली, तोच हा प्रकाश. तो मोठ्या ताकदीचा आहे, तापतो, आणि त्याला साध्या बल्बसारखे होल्डरमध्ये फिरवून चालत नाही. म्हणूनच तो प्रथमच बसवणाऱ्यांसाठी सगळी पद्धत क्रमाने लिहीत आहे. मोजमापे ओंटारिओच्या, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथल्या, घरांना धरून दिली आहेत. ब्रिटन किंवा युरोपात राहणाऱ्यांनी १२० ऐवजी २३० व्होल्ट आणि ई-३९ ऐवजी ई-४० मापाचा होल्डर असा फरक लक्षात घ्यावा.

एलईडी का नाही

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो आणि तो रास्त आहे. आजचे चांगले एलईडी दिवे तेवढाच उपयोगी प्रकाश साधारण निम्म्या विजेत देतात, त्यात पारा नसतो आणि त्यांचा बल्ब बदलावा लागत नाही. ज्यांच्याकडे उबदार खोली आहे आणि जे सगळेच नव्याने विकत घेणार आहेत त्यांनी एलईडी घ्यावा, असेच मी सांगेन. माझ्या तळघरात मात्र जानेवारीत तापमान १६ अंशांच्या आसपास असते, आणि कढीपत्ता १५-१६ अंशांच्या खाली वाढ थांबवून बसतो. सोडियमचा दिवा प्रकाशाबरोबर जी उष्णता देतो ती इथे वाया जात नाही, झाडाच्या कामी येते. शिवाय हे दिवे हल्ली लोक काढून टाकत असल्यामुळे चांगल्या स्थितीतला जुना संच फार थोड्या पैशांत मिळतो. याउलट पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, जिथे उन्हाळ्यात पंखाही अपुरा पडतो, तिथे हा दिवा बसवू नये. तिथे बाल्कनीतली दक्षिणेची किंवा पश्चिमेची कड पुरेशी असते.

आधी जागा ठरवावी

दिवा विकत घेण्याआधी जागा नक्की करावी, कारण दिव्याची ताकद जागेच्या क्षेत्रफळावरून ठरते. ४०० वॅटच्या दिव्याखाली एक मीटर बाय एक मीटर जागा उत्तम उजळते. ओढून ताणून १.२ मीटर बाय १.२ मीटरपर्यंत नेता येते, पण कडेच्या कुंड्या आलटूनपालटून मध्ये आणाव्या लागतात. माझ्याकडे या एका चौरस मीटरमध्ये कढीपत्त्याच्या दोन मोठ्या कुंड्या, एक तुळस, एक पानओवा आणि मिरचीची तीन रोपे मावतात. फक्त एकच झाड असेल तर २५० वॅटचा दिवा पुरतो. १००० वॅटचा दिवा घराच्या तळघरात नवख्या माणसाने बसवू नये. त्याची उष्णता बाहेर काढण्यासाठी वेगळी नळी आणि वेगळा पंखा लागतो.

छताची उंची निदान दोन मीटर असावी. कुंडी आणि झाड मिळून सव्वा मीटर, त्यावर अर्धा मीटर मोकळी जागा आणि वर परावर्तक व साखळी, असा हिशेब केला की कमी उंचीचे कोपरे आपोआप बाद होतात. दिव्याच्या आजूबाजूला पडदे, पुठ्ठ्याची खोकी, टांगलेले कपडे, थर्माकोल यांपैकी काहीही नसावे. घर तापवणारी भट्टी (फर्नेस) आणि पाणी तापवण्याची टाकी ज्या खोलीत आहे तिथे दिवा लावू नये. भिंतींना साधा पांढरा, चमक नसलेला रंग द्यावा. तो बराचसा प्रकाश झाडाकडे परत पाठवतो. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद भिंतीला चिकटवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती टाळावी: त्याच्या सुरकुत्या प्रकाश एका ठिपक्यात गोळा करून पान भाजतात, आणि तो कागद विजेचा वाहकही आहे.

जमीन काँक्रीटची असेल तर कुंड्या थेट तिच्यावर ठेवू नयेत. वर २४ अंश आणि मुळांशी १२ अंश अशी स्थिती झाली की झाडाला पाणी ओढता येत नाही आणि ओल्या मातीतही पाने मान टाकतात. दोन विटा आणि त्यांवर लाकडी फळी एवढ्याने हे टळते.

दिव्याचे भाग आणि त्यांचे जुळणे

संचाचे चार भाग असतात: बल्ब, परावर्तकासह होल्डर, बॅलास्ट आणि टायमर. बॅलास्टला आपल्याकडे चोक म्हणतात. हा दिवा स्वतः वीज आवरू शकत नाही. एकदा आत ठिणगी धरली की तो ओढेल तितका प्रवाह ओढत जाईल आणि फुटेल. बॅलास्ट तो प्रवाह मर्यादेत ठेवतो. सोडियमच्या बॅलास्टमध्ये इग्नायटरही असतो, जो पेटवण्याच्या क्षणी काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका देतो. याच कारणासाठी साधा पोर्सेलीन होल्डर इथे चालत नाही. त्यावर ४ किंवा ५ किलोव्होल्ट पल्सचा उल्लेख असावा लागतो.

नवखे लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. बल्ब आणि बॅलास्ट एकाच जातीचे आणि एकाच वॅटचे असलेच पाहिजेत. उत्तर अमेरिकेत यासाठी सांकेतिक क्रमांक छापलेले असतात: ४०० वॅटच्या सोडियमसाठी एस-५१, २५० वॅटसाठी एस-५०, आणि मेटल हॅलाइड या दुसऱ्या जातीच्या, जुन्या पद्धतीच्या ४०० वॅटच्या दिव्यासाठी एम-५९. बल्बच्या मानेवर एस-५१ असेल तर बॅलास्टच्या पट्टीवरही एस-५१ दिसले पाहिजे. होल्डरमध्ये बल्ब बसतो एवढ्यावरून तो योग्य आहे असे समजू नये, कारण सगळ्यांचे आटे सारखेच असतात. सोडियम आणि मेटल हॅलाइड दोन्ही चालवणारे बॅलास्ट मिळतात, त्यांवर निवडीची कळ असते. ती कळ दिवा बंद आणि पिन काढलेली असतानाच फिरवावी.

मेटल हॅलाइडचा प्रकाश पांढरा-निळसर असतो आणि त्यात रोपे बुटकी, भरगच्च वाढतात, म्हणून बियांपासून रोपे करणारे तो पसंत करतात. मोठ्या कढीपत्त्याला सोडियम पुरतो. मेटल हॅलाइडच्या बाबतीत दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात: काही बल्ब उभेच लावायचे असतात तर काही आडवेच, आणि आतली नळी फुटण्याची शक्यता गृहीत धरून त्यासाठी खाली काच असलेला बंद परावर्तकच घ्यावा. बाहेरची काच तडकूनही बल्ब पेटत राहू शकतो, आणि तेव्हा त्यातून निघणारे अतिनील किरण डोळ्यांना व कातडीला भाजतात. असा दिवा तत्काळ बंद करावा.

जुना संच घेताना बॅलास्टवर सीएसए किंवा कॅनडासाठीचे यूएल हे सुरक्षा-चाचणीचे चिन्ह आहे का ते पाहावे. झाकणाला भाजल्याचा डाग, फुगलेला कपॅसिटर किंवा कडक होऊन तडकलेली वायर दिसली तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये. जुने बॅलास्ट १२० आणि २४० असे दोन्ही व्होल्टचे असतात व आतली जोडणी बदलून चालवतात. तुमचा कशावर जोडलेला आहे ते विकणाऱ्याला विचारावे, आणि शंका राहिली तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावे.

विजेचा हिशेब

४०० वॅट हा बल्बचा आकडा झाला. लोखंडी गाभ्याचा जुना बॅलास्ट स्वतःही वीज खातो, त्यामुळे भिंतीतून सुमारे ४६० वॅट जातात. १२० व्होल्टवर हा प्रवाह सुमारे चार अँपिअर येतो. घरातला नेहमीचा ब्रेकर १५ अँपिअरचा असतो, आणि तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणांचा भार त्याच्या ८० टक्क्यांच्या, म्हणजे १२ अँपिअरच्या आत ठेवायचा असतो. दिवा एकटा असेल तर काहीच अडचण नाही. अडचण येते ती तळघरात त्याच ब्रेकरवर फ्रीझर आणि खोली तापवण्याचा हीटर चालू असेल तेव्हा. १५०० वॅटचा हीटर एकटाच साडेबारा अँपिअर घेतो. म्हणून पॅनेलपाशी जाऊन एक-एक ब्रेकर पाडून बघावा आणि कोणता सॉकेट कोणत्या ब्रेकरवर आहे ते कागदावर लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि पुढे अनेक वर्षे उपयोगी पडते.

सॉकेट तीन पिनांचा, अर्थिंग असलेला आणि पाण्याजवळ असल्यामुळे जीएफसीआय संरक्षणाचा, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा, असावा. एक्स्टेन्शन वायर वापरू नये. बॅलास्ट जमिनीवर, गालिच्यावर किंवा कपाटात न ठेवता भिंतीवरच्या मजबूत फळीवर, कुंड्यांच्या पातळीच्या वर आणि चारी बाजूंनी हवा खेळेल असा ठेवावा. लोखंडी बॅलास्टचे वजन सात-आठ किलो असते, त्यामुळे फळीचे स्क्रू नुसत्या ड्रायवॉलमध्ये, म्हणजे भिंतीच्या जिप्समच्या तक्त्यात, न जाता त्यामागच्या लाकडात गेले पाहिजेत. बॅलास्टपासून येणाऱ्या वायरीला सॉकेटच्या खाली उतरून पुन्हा वर जाईल असा झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

खर्चाचा अंदाज आधीच करून ठेवावा. रोज १४ तास चालवल्यास दिवसाला साधारण साडेसहा युनिट आणि महिन्याला १९० ते १९५ युनिट पडतात. ओंटारिओत वेळेनुसार दर बदलत असल्यामुळे दिवा संध्याकाळी सातनंतर सुरू करून सकाळी बंद करावा, असे मी सुचवीन: वीज स्वस्त असते तेव्हा दिवा चालतो, आणि घर सर्वांत थंड असते तेव्हा त्याची ऊबही मिळते. झाडाला त्याचा दिवस आपल्या रात्री झाला तरी काही फरक पडत नाही. मात्र तळघराला खिडकी असेल तर जाड, जळाऊ नसलेल्या पडद्याने ती झाकावी, नाहीतर शेजाऱ्यांच्या अंगणात रात्रभर केशरी उजेड पडतो.

टांगणे आणि जोडणे

परावर्तक छताच्या पाट्यांना न लटकवता त्यामागच्या लाकडी तुळईला लटकवावा. तुळई शोधण्याचे यंत्र नसेल तर बोटांनी ठोकत जावे. पोकळ आवाज जिथे भरीव होतो तिथे तुळई असते. तिच्यात आधी बारीक भोक पाडून मगच आकडा फिरवावा, म्हणजे लाकूड चिरत नाही. दोन आकडे, दोन धातूच्या साखळ्या आणि दोन्ही बाजूंना सारखी उंची असावी. नायलॉनची दोरी किंवा प्लॅस्टिकचे पट्टे उष्णतेने मऊ पडतात, ते वापरू नयेत. सगळे टांगून झाल्यावर, बल्ब लावण्याआधी, परावर्तकाला हाताने खाली ओढून पाहावे: त्याच्या वजनाच्या तिप्पट ओढ सहन झाली पाहिजे.

यानंतरचा क्रम बदलू नये. पिन भिंतीत नाही याची खात्री करावी. बल्ब कोरड्या स्वच्छ फडक्यात धरून होल्डरमध्ये घट्ट बसेपर्यंत फिरवावा. सैल राहिलेला बल्ब होल्डरमध्ये ठिणग्या पाडतो आणि संपर्काची पट्टी जाळतो, तर जोर लावून आवळलेला बल्ब पुढे निघत नाही. काचेवर बोटांचे ठसे उमटलेच तर स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसावेत. मग परावर्तकाची वायर बॅलास्टला जोडावी, आणि सर्वांत शेवटी बॅलास्टची पिन टायमरमध्ये व टायमर भिंतीत. काढताना हाच क्रम उलटा. दिवा पेटलेला असताना परावर्तकाची वायर बॅलास्टमधून कधीही उपसू नये.

टायमरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. टेबललॅम्पसाठी मिळणारे छोटे टायमर या दिव्याला चालत नाहीत, कारण बॅलास्ट सुरू होताना घेतो तो धक्का त्यांच्या आतल्या संपर्कांना सोसत नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी असाच एक टायमर वापरला. दोन दिवस परगावी जाऊन आलो तेव्हा तळघराच्या दारापाशीच ऊबट, करपल्यासारखा वास आला. टायमरचे संपर्क एकमेकांना चिकटून गेले होते, तबकडी आपली वेळेवर फिरत होती आणि दिवा मात्र बंद होण्याचे नाव घेत नव्हता. वरच्या फांद्यांची पाने हातात घेतली की पापडासारखी मोडत होती. आग लागली नाही, कारण आसपास जळण्यासारखे काही नव्हते. तेव्हापासून मी १५ अँपिअरचा, बॅलास्टच्या किंवा मोटरच्या भारासाठी आहे असे स्पष्ट लिहिलेला टायमरच वापरतो, आणि तो नवीन असताना दिवा पेटलेला सोडून समोर बसून दोनदा चालू-बंद होताना पाहतो. त्याच खोलीत धुराचा इशारा देणारे यंत्र आणि दाराजवळ कोरड्या पावडरीचा एबीसी जातीचा अग्निशामक असावा. पाणी ओतून विजेची आग विझवता येत नाही.

पहिल्यांदा पेटवताना

झाडे बाजूला ठेवून दिवा आधी रिकाम्या जागेवर तासभर चालवावा. कळ दाबल्यावर बॅलास्ट गुणगुणू लागतो आणि बल्बच्या मधोमध मंद, निळसर पांढरी रेघ दिसते. मिनिटभरात ती गडद पिवळी होते. त्या वेळी खोलीतले सगळे रंग नाहीसे होऊन सगळे पिवळे आणि काळे दिसते. चार-पाच मिनिटांत प्रकाश फुलतो, थोडा सोनेरी होतो आणि स्थिरावतो. मिनिटभरात काहीच झाले नाही तर पिन काढावी, बल्ब घट्ट आहे का आणि क्रमांक जुळतात का ते तपासावे. नव्या परावर्तकाचा किंचित वास पहिल्या तासात येतो व जातो. रबर जळल्यासारखा वास आला तर मात्र बंद करून पुढे चालवू नये.

वीज क्षणभर जाऊन आली तर दिवा लगेच पेटत नाही. आतला दाब उतरेपर्यंत सोडियमला मिनिट-दोन मिनिटे आणि मेटल हॅलाइडला दहा-पंधरा मिनिटे लागतात. या काळात पुन्हा पुन्हा कळ दाबू नये.

उंची आणि मोजमाप

चांगला ४०० वॅटचा सोडियम बल्ब नवा असताना सुमारे ५०,००० ल्युमेन प्रकाश देतो. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे. पानाला लागतो तो प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात. सोडियमच्या प्रकाशासाठी ल्युमेनला ८२ ने भागले की झाडाच्या मापात उत्तर येते, म्हणजे इथे सेकंदाला सुमारे ६१० मायक्रोमोल. परावर्तक आणि भिंती यांतून त्याचा दोन-तृतीयांश भाग जरी झाडांवर आला तरी एका चौरस मीटरवर ४०० मायक्रोमोल पडतात. रोज १४ तास धरले तर दिवसाचे सुमारे २० मोल होतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). भर उन्हात २००० मायक्रोमोलपर्यंत प्रकाश असतो, त्यापुढे हे थोडे वाटेल. पण माझ्या अनुभवात कढीपत्त्याला हिवाळाभर हिरवा ठेवून नवी पालवी काढायला १२ ते १७ मोल पुरतात.

हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. साधा लक्समीटर (एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते लक्समध्ये दाखवणारे यंत्र) घ्यावा आणि झाडाच्या शेंड्याच्या पातळीवर मध्यभागी व चारी कोपऱ्यांत आकडा पाहावा. मध्ये ३०,००० ते ३५,००० लक्स आणि कोपऱ्यांत निदान १५,००० लक्स असले तर उंची बरोबर आहे. फोनमधले ॲप खरा आकडा क्वचितच दाखवते, पण मध्य आणि कोपरा यांची तुलना करण्यापुरते चालते. ८२ हा भाजक सोडियमपुरताच आहे; सूर्यप्रकाशासाठी तो ५४ असतो, हे लक्सचे आकडे खिडकीतल्या प्रकाशाशी ताडून पाहताना विसरू नये.

सुरुवातीला शेंड्यापासून ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि पुढच्या दोन आठवड्यांत एकेक कडी करून ५० ते ६० सेंटिमीटरपर्यंत उतरवावे. प्रत्येक वेळी हाताची परीक्षा करावी: तळहात खाली करून हाताची मागची बाजू शेंड्याच्या पातळीवर अर्धा मिनिट धरावी, चटका जाणवला तर तोच पानालाही लागतो आहे. अंतर कमी झाल्याची खूण म्हणजे सर्वांत वरची पाने फिकट, पांढुरकी होऊन कडा वर वळवतात. अंतर जास्त असेल तर दोन पानांमधली काडी लांबते आणि फांदी दिव्याकडे मान काढते. दिवा रोज १४ तास ठेवावा. बाकीचे दहा तास पूर्ण अंधार द्यावा.

उष्णता, हवा आणि पाणी

दिव्याची सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येते. लहान, दार लावलेल्या खोलीत ४६० वॅट म्हणजे लहानसा हीटरच होय, त्यामुळे दार किलकिले ठेवावे आणि एक छोटा फिरता पंखा दिवा व शेंडे यांच्यामधून हवा जाईल असा लावावा. शेंड्यापाशी २३ ते २७ अंश असावेत. थर्मामीटर पुठ्ठ्याच्या आडोशाला धरावा, नाहीतर तो हवेचे तापमान न दाखवता दिव्याच्या झळेचे दाखवतो.

भट्टीच्या हवेमुळे हिवाळ्यात घर आधीच कोरडे असते आणि दिवा ते आणखी कोरडे करतो. अशा हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड फार लवकर वाढते. पेटलेल्या दिव्याखाली पानांवर पाण्याचा फवारा मारू नये, कारण गार पाण्याचा थेंब तापलेल्या काचेवर पडला तर ती तडकते. त्याऐवजी दर दहा दिवसांनी, दिवा बंद होऊन अर्धा तास झाल्यावर, कुंडी न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू कोमट पाण्याने धुवावी.

सोडियमच्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही. पहिल्या वर्षी जानेवारीत मला झाड अगदी ठणठणीत वाटत होते. एकदा दिवा बंद असताना पांढरी विजेरी घेऊन पाहिले तेव्हा फांदीच्या सालीवर तपकिरी, तिळाएवढ्या खपल्या ओळीने बसलेल्या दिसल्या. नखाने एक उचलली तर ती सुटून आली आणि खाली ओलसर चिकट डाग राहिला. ती खवले कीड होती. पिवळ्या उजेडात साल आणि कीड एकाच रंगाची दिसत असल्यामुळे ती महिनाभर लपून राहिली असावी. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पांढऱ्या उजेडात प्रत्येक फांदी पाहावी. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने खपल्या एक-एक पुसून काढल्या तर सुरुवातीलाच आटोक्यात येतात.

दिव्याखालची माती खिडकीतल्या कुंडीपेक्षा लवकर सुकते, तरी ठरावीक दिवशी पाणी घालण्यापेक्षा बोट दोन पेरे खुपसून कोरडे लागले तरच घालावे. कढीपत्त्याला आंबट ताक घालण्याची आपली पद्धत परसातल्या झाडाला मानवते. बंद तळघरात मात्र त्याचा वास साचतो आणि चिलटे होतात, म्हणून घरात असेपर्यंत ते घालू नये. इथले नळाचे पाणी काहीसे जड असते. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर लोहाचे विद्राव्य खत पातळ करून महिन्यातून एकदा द्यावे.

आत आणणे, बाहेर नेणे

रात्रीचे तापमान १२ अंशांच्या खाली जाऊ लागले की, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या अखेरीस, झाड आत आणावे. पहिल्या गोठलेल्या दवाची वाट पाहू नये. आणण्याआधी दोन वेळा धुवावे आणि आठवडाभर इतर झाडांपासून वेगळे ठेवावे. जागा बदलल्यावर काही पाने गळतात, त्यामुळे घाबरून पाणी वाढवू नये. कार्तिकात तुलसीविवाहाच्या दिवशी आमची तुळस याच दिव्याखालून वर देवघरात येते आणि रात्री परत खाली जाते. एका दिवसाच्या बदलाने तिला काही होत नाही.

मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डे या कॅनडातल्या सुट्टीनंतर झाड बाहेर न्यावे, पण पहिला आठवडा सावलीत आणि दुसरा सकाळच्या उन्हात. दिव्याखाली वाढलेले पान थेट उन्हात ठेवले तर दोन दिवसांत पांढरे पडते. ज्यांना अमेरिकेतल्या नातेवाइकांना रोप द्यावेसे वाटते त्यांनी ते गाडीत घालून सीमेपलीकडे नेऊ नये. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर जगते, आणि म्हणून तिथे त्याच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत.

बल्ब कधी बदलावा

खोक्यावर २४,००० तासांचे आयुष्य छापलेले असते. ते रस्त्यावरच्या दिव्यासाठी ठीक आहे. झाडासाठी त्याच्या बऱ्याच आधी प्रकाश कमी पडू लागतो. रोज १४ तास आणि २१० दिवस असे धरले तर एका हिवाळ्यात सुमारे २,९४० तास होतात, म्हणून तीन हिवाळे झाले की चौथ्याच्या आधी मी नवा बल्ब लावतो. लावल्याची तारीख बॅलास्टवर चिकटपट्टीने लिहून ठेवावी आणि दर ऑक्टोबरला त्याच उंचीवर लक्सचा आकडा तिच्याखाली लिहावा. आकडा पहिल्या वर्षाच्या चार-पंचमांशावर आला की बल्ब बदलायची वेळ झाली. पेटलेला दिवा आपोआप विझून काही मिनिटांनी पुन्हा पेटू लागला आणि हे वारंवार होऊ लागले तर बल्ब संपला आहे असे समजावे, आणि तो तसाच चालवत राहून बॅलास्ट व इग्नायटर खराब करू नये.

जुन्या बल्बमध्ये सोडियमबरोबर पाराही असतो. तो कचऱ्याच्या पिशवीत न टाकता नव्या बल्बच्या खोक्यात गुंडाळून नगरपालिकेच्या घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावा. बल्ब घरात फुटलाच तर खिडकी उघडून, सर्वांना पंधरा मिनिटे खोलीबाहेर ठेवून, हातमोजे घालून तुकडे जाड कागदाने गोळा करावेत आणि बारीक चुरा चिकटपट्टीने टिपून झाकणाच्या बरणीत भरावा. व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये, कारण त्याने पारा हवेत उडतो.